पूर्णेपलीकडील मैदान

मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मलकापूर मागे पडले की थोड्याच वेळात नांदुरा येते, आणि बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेकडील मुलखात, म्हणजे जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांच्या बाजूस, ज्याला जावयाचे असते त्याला याच स्थानकावर उतरणे सोयीचे पडते. महामार्गाच्या कडेला हनुमंताची १०५ फूट उंचीची मूर्ती उभी आहे. जाणारायेणारा प्रत्येक प्रवासी तिच्यापुढे हात जोडतो, मीही जोडले. आयुष्यभर शाळांतून शारीरिक शिक्षण शिकविण्याचा व्यवसाय केलेल्या माणसाला या दैवताविषयी निराळी आस्था असणे स्वाभाविक आहे, कारण विदर्भातील व्यायामाची चळवळ याच नावाने जन्मास आली. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली जो आखाडा काढला, आणि ज्याचे पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले, त्याच्या मातीतून निघालेली गुरुजनांची परंपरा वऱ्हाडातील तालुक्यातालुक्यांत पोहोचली. ती सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत का पोहोचली नाही, हा प्रश्न मला फार दिवसांपासून अस्वस्थ करीत होता, आणि या प्रवासाचे निमित्त खरे पाहता तेच होते.

नांदुऱ्याहून उत्तरेस निघाले की येरळीजवळ पूर्णा ओलांडावी लागते. मार्गशीर्षातील सकाळ होती. तुरी पिवळ्या फुलांनी भरल्या होत्या आणि कपाशीची दुसरी वेचणी चालू होती. ही काळीभोर, भारी जमीन पाहून परक्या माणसास या मुलखाच्या समृद्धीविषयी खात्री वाटेल. परंतु या जमिनीखालचे पाणी खारे आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या काठाने पसरलेला हा खारपाणपट्टा म्हणजे वऱ्हाडचे जुने दुःख होय. विहिरीतले पाणी दिसावयास नितळ, परंतु पिण्यास अयोग्य आणि ओलितासही घातक; आणि मूत्रपिंडाच्या विकाराने खंगलेली माणसे गावोगाव. वारी हनुमान येथे वान नदीवर धरण झाले आणि त्याच्या पाण्यावर जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील १४० गावांची पाणीपुरवठा योजना उभी राहिली, तेव्हा कोठे या भागाला गोड्या पाण्याची आशा दिसली. माझ्याबरोबर असलेले खामगावचे डॉक्टर स्नेही मोटारीच्या खिडकीतून प्रत्येक गावाकडे बोट दाखवून तेथील रुग्णांविषयी बोलत होते. या मुलखात आरोग्याची कोणतीही गोष्ट पाण्यापासूनच आरंभावी लागते, हे त्यांचे मत मला पुढील दिवसांत पदोपदी पटत गेले.

जळगाव जामोद हे गाव मुळात अकोला जिल्ह्यातले. १९०५ साली जिल्ह्यांची फेररचना झाली त्या वेळी खामगाव आणि जळगाव हे दोन तालुके अकोल्यातून काढून बुलढाण्यास जोडले गेले. आणि खानदेशातल्या जळगावाशी घोटाळा होऊ नये म्हणून शेजारच्या जामोद गावाचे नाव त्याच्या मागे लागले. याच तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेस घटमांडणी होते आणि तिच्या भाकिताकडे सारे वऱ्हाड कान लावून बसते, हे वाचकांस ठाऊक असेलच. परंतु त्याच तालुक्याच्या उत्तर सीमेवर, सातपुड्याच्या घड्यांत, भिंगारा, गोमाल, चाळीसटापरी अशी गावे आहेत, हे बुलढाणा शहरातील किती सुशिक्षितांस ठाऊक आहे याविषयी मला शंका वाटते. शहर जिल्ह्याच्या दक्षिण घाटमाथ्यावर, आणि ही गावे उत्तरेच्या टोकाला. मध्ये पूर्णेचे सारे खोरे पसरलेले.

जळगाव जामोद सोडले की क्षितिजावर सातपुडा दिसू लागतो. जवळ जावे तसतसे त्यावरचे सागाचे, सालईचे आणि धावड्याचे रान वेगवेगळे ओळखू येते. या रानात आणि त्याच्या पायथ्याशी भिल, भिलाला, बारेला, कोरकू आणि निहाल अशा अनेक जमाती राहतात. यांतील निहालांविषयी येथे थोडे थांबून लिहिले पाहिजे. त्यांची निहाली भाषा बोलणारी माणसे आज अवघी दोनेक हजार असतील, आणि ती प्रामुख्याने याच तालुक्यातील व आसपासची: जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा या गावांतली. भाषाशास्त्रज्ञांनी तिचे नाते कोरकूशी, द्राविड भाषांशी, भिलीशी जोडून पाहिले. उसने शब्द विपुल सापडले, परंतु तिचे मूळ कोणत्याच कुळात बसेना, म्हणून ती जगातल्या एकाकी भाषांपैकी एक मानली जाते. कायपर नावाच्या डच पंडिताने १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ज्यांच्या भाषेसाठी दूर देशीचा विद्वान आपली वर्षे खर्ची घालतो त्या लोकांची पिढ्यान्पिढ्यांची स्थिती मात्र कोरकूंच्या शेतावर राबणाऱ्या मजुरांची, आणि कोरकूंच्याही खालच्या पायरीवर लेखल्या गेलेल्यांची. आदिवासी हा एक शब्द उच्चारून आपण या साऱ्यांना एका ओळीत बसवतो. त्यांच्यातल्या उतरंडी आपल्या दृष्टीस पडत नाहीत. खेळाच्या मैदानावर त्या पहिल्याच दिवशी दृष्टीस पडतात.

आणखी एक गोष्ट नकाशा उघडल्यावाचून ध्यानात येत नाही. संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्य हे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. म्हणजे वाघासाठी सरकारने जी रेघ ओढली ती जिल्ह्याची सीमा ओलांडून बुलढाण्यात आली. परंतु माणसांसाठी जी रेघ ओढली ती सीमेपाशी थबकली. १९८५ च्या हुकमाने महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रे ठरली, त्यांत मेळघाटातील धारणी व चिखलदरा हे तालुके आले. बुलढाणा जिल्ह्यातले एकही गाव आले नाही. डोंगर तोच, रान तेच, सोयरेसंबंधही तेच. मात्र अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना जे अधिकार कायद्याने मिळाले आणि तेथील बालकांसाठी व मातांसाठी ज्या विशेष योजना निघाल्या, त्या या बाजूच्या लोकांना सहसा लागू होत नाहीत. जिल्ह्याच्या एकंदर लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण शेकडा पाचाच्या आत असल्याने जिल्ह्याच्या दफ्तरात त्यांचा आवाज क्षीण, आणि आदिवासी विकासाचा प्रकल्प अकोल्यास असल्याने शाळेतल्या एका लहानशा मागणीचा कागदही दुसऱ्या जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन परत यावा लागतो. मी येथे कोणाही अधिकाऱ्याला दोष देत नाही. मला भेटलेली माणसे कष्टाळू होती. दोष आखणीतच आहे, आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे.

ज्या गावी आमचा मुक्काम होता त्याचे नाव मी देत नाही, कारण पुढे मुलामुलींच्या प्रकृतीविषयी लिहावयाचे आहे आणि त्यांची ओळख पटावी हे योग्य नव्हे. गाव पायथ्याशी, निवासी शाळेचे. डोंगरातल्या वाड्यांवरची मुले तेथे राहून शिकतात. शाळेतून बाहेर पडलेली, दहावीच्या अलीकडेपलीकडे शिक्षण सुटलेली, मजुरीला जाणारी तरुण मुलेही संध्याकाळी आवारात येऊन बसतात. या दुसऱ्या वर्गाविषयीच मला विशेष चिंता आहे. लहान बालकासाठी अंगणवाडी आहे, गर्भवतीसाठी आशाताई येते, विद्यार्थ्यासाठी शाळेतली तपासणी आहे; परंतु शाळा सुटलेला सोळा वर्षांचा मुलगा किंवा लग्नाच्या वाटेवर बसविलेली पंधरा वर्षांची मुलगी यांना दवाखान्याचा उंबरठा ओलांडावयास लावणारे काहीही नाही. आजारी पडल्याखेरीज ती डॉक्टरांकडे जात नाहीत, आणि गेली तरी फार उशिरा. त्यांना आपण होऊन रोज एका ठिकाणी एकत्र आणील अशी एकच गोष्ट मला ठाऊक आहे, आणि ती म्हणजे खेळ.

त्यासाठी मी बास्केटबॉल निवडला. मग बास्केटबॉलच का, असा प्रश्न मला अमरावतीच्या जुन्या सहकाऱ्यांनी केला, आणि तो रास्त होता. कबड्डी आणि खो-खो या मुलांच्या रक्तात आहेत, निवासी शाळांच्या स्पर्धांतूनही ते आहेत, आणि ते बंद व्हावेत असे मला स्वप्नातही वाटत नाही. परंतु डोंगराच्या उतारावर सपाट जागा थोडी मिळते; तीन-तीन खेळाडूंच्या बास्केटबॉलला पंधरा मीटर रुंद आणि अकरा मीटर लांब एवढी भूमी आणि एकच कडे पुरते. या खेळात शरीराला शरीर भिडविणे हा नियमभंग असल्याने मुलींना खेळू देण्यास आईबापांचा विरोध तुलनेने कमी होतो, हा माझा अनुभव आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कबड्डीला गडी जमावे लागतात, तर बास्केटबॉलचे कडे खांबावर कायम उभे असते; मजुरीहून परतलेला एकटा मुलगाही दिवेलागणीपर्यंत त्यात चेंडू टाकीत राहू शकतो. शिक्षक निघून गेल्यावर मागे जे उरते त्यावरच या कामाचे मोल ठरते, आणि कडे मागे उरते.

मैदान करण्याचे काम गावानेच केले. काळ्या मातीवर हा खेळ अशक्य आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पावसाळ्यात पायांना चिकटते. परंतु पायथ्याच्या पट्ट्यात मुरूम आहे, आणि मुरूम पाणी मारून धुमसला की चेंडू बऱ्यापैकी उसळी घेतो. तालुक्याच्या गावी एका वेल्डिंगवाल्याने लोखंडी सळईचे पंचेचाळीस सेंटिमीटर व्यासाचे कडे वळवून दिले. मागची फळी गावच्या सुताराने केली. खांब पुरताना जमिनीपासून कड्याची उंची बरोबर तीन मीटर पाच सेंटिमीटर भरते की नाही हे मोजण्यासाठी मुलांत चढाओढ लागली. चुन्याच्या रेघा आखल्या. एका वृद्धाने हे सारे पाहून विचारले, “गुरुजी, पोरं खेळतील ते ठीक हाय, पन पोरीयचं काय?” मी म्हणालो, “बाबा, सकाळची पाळी पोरींचीच.” तो बराच वेळ काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे त्याची नात मैदानावर होती.

मातीवर बास्केटबॉल खेळणे कमीपणाचे आहे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी १९३६ सालच्या बर्लिनची हकीकत सांगितली पाहिजे. जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, हिवाळ्यात मुलांना घरात खेळता यावे म्हणून, फळांच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला अडकवून हा खेळ काढला, आणि बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये तो प्रथमच पदकाचा खेळ झाला. तेथील सामने उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या मैदानांवर झाले. अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस आला, मैदानाचा चिखल झाला, चेंडू उसळेना. अमेरिकेने कॅनडाला १९ विरुद्ध ८ अशा गुणांनी हरविले. वृद्ध नेस्मिथ त्या ऑलिंपिकला उपस्थित होता. आणि त्याच ऑलिंपिकच्या निमित्ताने आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. वऱ्हाडची कबड्डी आणि अमेरिकेचा बास्केटबॉल एकाच नगरात, एकाच ऋतूत जगापुढे आले, ही गोष्ट मी मुलांना सांगितली तेव्हा बर्लिन कोठे आहे हे त्यांनी विचारले नाही; चिखलात चेंडू कसा टाकला हे विचारले.

पहाटेचा क्रम असा असे. प्रथम प्रत्येकाने पाण्याचा तांब्या भरून मैदानाच्या कडेला ठेवावयाचा. ज्याचा तांब्या नाही त्याला खेळ नाही. मग शरीर तापविण्याचे व्यायाम, मग चेंडू हाताळणे, मग लहान लहान सामने. आठवड्यातून एकदा वजन आणि उंची, आणि डॉक्टरांच्या पाळीच्या दिवशी रक्ताची तपासणी. पहिल्या तपासणीत मुलींच्या रक्तातील हिमोग्लोबिनचे आकडे पाहून आम्हा दोघांना बोलवेना. ज्या मुली दोन फेऱ्या धावल्या की खाली बसत आणि ज्यांना शिक्षक आळशी म्हणत, त्या आळशी नव्हत्या. त्यांच्या अंगात रक्त नव्हते. शाळांतून दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देण्याची योजना आहे, आणि १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट हे जंतनाशक गोळीचे दिवस ठरलेले आहेत. परंतु गोळी पोटात मळमळ करते म्हणून मुली ती ओंजळीत लपवून बाहेर टाकीत. आता गोळी जेवणानंतर, सर्वांदेखत, संघनायिकेच्या हातून दिली जाते. जेवणाबरोबर लिंबू किंवा आवळा घ्यावा, लगेच चहा पिऊ नये, तुरीचे वरण, शेंगदाणा, गूळ आणि अंबाडीची भाजी टाळू नये, एवढे तीन नियम डॉक्टरांनी फळ्यावर लिहून ठेवले. पुढील तपासणीच्या दिवशी रांगेतल्या एका मुलीने बोट पुढे करण्यापूर्वीच डॉक्टरांच्या पत्नीला विचारले, “मॅडम, माहं रक्त वाढलं का?” आपल्या शरीराविषयी असा प्रश्न या मुलीने त्यापूर्वी कोणाला विचारला असेल असे मला वाटत नाही. माझ्या दृष्टीने या साऱ्या उद्योगाचे फळ त्या एका प्रश्नात आहे.

सिकलसेलचा विषय याहून गंभीर. हा विकार आईबापांकडून येतो. दोघांकडूनही सदोष गुण आला तर रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. एकाकडूनच आला तर मनुष्य वाहक होतो. तो सहसा निरोगी असतो. मध्य भारतातील आदिवासींत हा विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे सुरू झाली. खेळ शिकविणाऱ्याने हे जाणलेच पाहिजे, कारण उन्हात, पाण्यावाचून, दमछाक होईपर्यंत पळविणे हे रुग्णाला तर धोक्याचे आहेच, परंतु वाहकालाही क्वचित घातक ठरू शकते. तांब्याचा नियम त्यासाठीच होता. एका मुलाच्या रक्तात तो विकार निघाला. त्याला बाजूला बसविणे सोपे होते. डॉक्टरांनी तसे केले नाही. फॉलिक ॲसिड आणि तालुक्याच्या रुग्णालयातील नियमित उपचार चालू झाले, थंडीत आणि भर उन्हात मैदान बंद, आणि बाकीच्या वेळी त्याच्याकडे पंचाची शिट्टी व गुणलेखनाची वही. त्याचा निर्णय कोणीही मोडीत नाही. तो मुलगा निहाल आहे. भिलाला आणि कोरकू मुले त्याच्या शिट्टीवर थांबतात.

चेंडू फेकताना प्रथम प्रथम मुले आपापल्या जमातीतच फेकीत. कोरकू कोरकूला, भिलाला भिलालाला. यावर व्याख्यान देऊन उपयोग झाला नसता. तीन जणांचा संघ चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचा, आणि बारा सेकंदांत चेंडू कड्याकडे गेलाच पाहिजे, हे दोन नियम पाळले की मोकळा असेल त्याच्याकडे चेंडू देण्यावाचून गत्यंतर नसते. काही दिवसांत मैदानावर चार भाषांतून आरोळ्या उठू लागल्या आणि सर्वांना सर्वांचे कळू लागले.

खर्ऱ्याविषयीही लिहिले पाहिजे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली ही पुडी विदर्भातल्या तरुणांच्या तोंडाचा नाश करीत आहे. राज्यात २०१२ सालापासून गुटख्यावर बंदी आहे, परंतु खर्रा प्रत्येक टपरीवर घोटला जातो, आणि मजुरीवर भूक मारण्यासाठी तो चौदाव्या वर्षापासून तोंडात जातो. ज्यांचे तोंड पुरते उघडत नव्हते अशी तरुण मुले डॉक्टरांना भेटली. मैदानात पाय ठेवण्यापूर्वी खिसे रिकामे करावयाचे, हा नियम मोठ्या मुलांनी आपसांत ठरविला; आमच्या सांगण्यावरून नव्हे, तर दम टिकत नाही हे त्यांना स्वतःच कळले म्हणून. किती जणांची सवय कायमची सुटली हे काही वर्षांनी कळेल.

मुक्कामात एक दिवस आम्ही डोंगरावर चढलो. रस्ता लवकरच संपतो आणि दगडगोट्यांची पायवाट उरते. ओढे पुन्हा पुन्हा आडवे येतात. २०२३ च्या पावसाळ्यात गोमाल येथे अतिसाराची साथ आली आणि माणसे दगावली, तेव्हा रस्त्याअभावी त्यांना झोळीतून वाहून न्यावे लागल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत छापून आल्या होत्या. त्या वाटेने चालताना त्या झोळीचे ओझे मनातून हलत नव्हते. अतिसाराने माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढ्या साधनाने अनेक जीव रुग्णालयापर्यंत तगू शकतात. आमच्या खेळाडूंपैकी वरच्या वाड्यांवरची मुले सुट्टीत घरी जातात. प्रत्येकाला हे पाणी स्वतःच्या हाताने करता आले पाहिजे, चाटून त्याची चव अश्रूंपेक्षा खारट नाही हे पाहता आले पाहिजे, आणि ओढ्याकाठच्या झिऱ्याचे पाणी उकळल्यावाचून पिऊ नये हे आजीला पटवता आले पाहिजे, ही परीक्षा आम्ही संघनिवडीत धरली. रस्ता करणे हे सरकारचे काम आहे आणि ते त्याने केले पाहिजे. परंतु रस्ता होईपर्यंत मूल वाचले पाहिजे.

दूरच्या एका देशाची गोष्ट मला या डोंगरात वारंवार आठवत होती. ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांपैकी मायकेल आ मॅट हा बास्केटबॉलपटू १९६४ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या देशाकडून खेळला. परंतु देशाच्या लोकसंख्येत त्याच्या लोकांना धरू नये असे सांगणारे राज्यघटनेतले कलम १९६७ सालच्या सार्वमताने रद्द होईपर्यंत कायम होते. पॅटी मिल्स या खेळाडूच्या मातापित्यांनी कॅनबेरा येथे आपल्या लोकांसाठी एक लहानसा बास्केटबॉल संघ चालविला. चार वर्षांचा पॅटी त्यातच चेंडू धरावयास शिकला. २०२१ साली टोकियोतच भरलेल्या ऑलिंपिकमध्ये तो देशाचा ध्वज धरून चालला, त्याच्या संघाने कांस्यपदक मिळविले, आणि त्यापूर्वीच, २०२० साली, मूळ रहिवाशांच्या मुलामुलींसाठी त्याने बास्केटबॉलची स्वतंत्र संस्था काढली होती. तेथील त्या समाजातही मूत्रपिंडाच्या विकाराने घरेच्या घरे पोखरली आहेत. कारणे आमच्या खारपाणपट्ट्याहून निराळी, परंतु दवाखान्यात उशिरा पोहोचणारा तरुण दोन्हीकडे सारखाच. मला त्या कथेतले पदक तितके महत्त्वाचे वाटत नाही. आईबापांनी स्वतःच्या लोकांत स्वतः चालविलेला तो लहानसा संघ महत्त्वाचा वाटतो, कारण तो बाहेरून कोणी येऊन दान म्हणून दिलेला नव्हता. म्हणूनच निघण्यापूर्वी आम्ही मैदानाच्या किल्ल्या, चेंडूंची पेटी आणि तपासणीची वही शाळेतून बाहेर पडलेल्या दोन मोठ्या मुलींच्या व एका मुलाच्या स्वाधीन केली, आणि वजनकाटा आशाताईंकडे दिला.

बुलढाणा जिल्ह्याला खेळाचे दैन्य नाही. बुलढाण्याच्याच प्रथमेश जावकरने २०२३ साली शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत नेदरलँड्सच्या माइक श्लोसरसारख्या धनुर्धराला हरवून सुवर्णपदक घेतले, आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारताच्या सुवर्णविजेत्या संघात तो होता. ज्या जिल्ह्याच्या डोंगरांत धनुष्यबाण हे भिलांचे पिढीजात आयुध आहे, त्या जिल्ह्याचे नाव तिरंदाजीत जगभर व्हावे याचा मला अतिशय अभिमान वाटला. परंतु शहरातले ते मैदान आणि पायथ्यावरचे हे मुरमाड मैदान यांच्यामध्ये अजून ये-जा सुरू झालेली नाही. ती सुरू व्हावी अशी माझी बुलढाणा, चिखली, खामगाव, मलकापूर येथील क्रीडामंडळांना, शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना आणि विशेषतः तरुण डॉक्टरांना हात जोडून विनंती आहे. हिवाळ्याचे दिवस यासाठी उत्तम. ओढे ओसरलेले असतात आणि मुले कामाला बाहेर पडण्यापूर्वी पहाटे मोकळी सापडतात. येताना भेटवस्तू आणू नयेत, छायाचित्रे काढण्याची घाई करू नये. रक्त तपासणारा एक माणूस आणि खेळ शिकविणारा एक माणूस एवढे दोघे आले तरी पुष्कळ आहे; मात्र ज्यांना पुढच्या महिन्यात पुन्हा येणे शक्य असेल त्यांनीच यावे.